काठी पुढं गेली

उंबरमाचीत कोणाला काही सांगायचं असलं की काठी फिरते. ऐनाच्या लाकडाची, हातांच्या घामाने काळी पडलेली, बुडाला पितळेची टोपी बसवलेली साधी काठी. ती गावकीची, म्हणजे वाडीच्या पंचमंडळींची. काही दिवस एका घरात राहते, मग शेजारच्या घरी जाते. ज्याच्या घरी काठी, त्याच्यावर सांगायची पाळी. सभा आहे, मयत झालंय, पाणवठ्याची वाट साफ करायला माणसं हवीत, रेशन आलंय, काहीही असो. काठी घेऊन निघायचं, प्रत्येक उंबऱ्यावर आपटायची, सांगायचं ते सांगायचं आणि आतून "ऐकलं" असं उत्तर आल्याशिवाय तिथून हलायचं नाही. वाडीत आता बहुतेक घरांत मोबाईल आहे, पण रेंज फक्त देवळाच्या जोत्यापाशी येते आणि पावसात तिथेही धड येत नाही. त्यामुळे काठी अजून चालू आहे.

रेश्मा उतेकर या वाडीत सून होऊन आली ती हिरकणीवाडीहून. तिची आई तिथे रायगड चढून-उतरून दमलेल्या लोकांना पिठलं-भाकरी आणि ताक विकायची. पुण्याचे, मुंबईचे, कुठकुठले लोक त्या छपराखाली बसून जायचे आणि लहानपणी रेश्मा त्यांना रोपवे कधी बंद होतो, वर पाणी मिळतं का, म्हातारीला चढवेल का, हे सगळं घडाघडा सांगायची. त्यामुळे चार लोकांपुढे बोलताना तिची कधी बोबडी वळली नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात लपलेल्या या वाडीत असली सून आली हे सासू चंद्रभागेने लगेच ओळखलं, आणि घरी काठी आली की तिच्याच हातात द्यायला सुरुवात केली. बाकीचे लोक "उंद्या सभा हाय, या" एवढं म्हणून सुटायचे. रेश्मा सभा कशासाठी, बोलावली कोणी, न गेलं तर काय होईल, हे सांगायची. बायका म्हणायच्या, "उतेकरांच्या सुनेनं सांगितलं की परत इचारायला लागत नाय गो." नवरा अक्षय मुंबईत कुरिअरच्या गोदामात, गणपती आणि शिमग्याला येणार. शेत म्हणजे वरईचे चार तुकडे. तिच्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, त्यामुळे बायकांचं ते वाक्य तिने जिवापाड जपलं.

पुढे सरकारला वाटलं की गावोगावची बातमी मरायला टेकली आहे. वाटलं त्यात खोटं काही नव्हतं. तालुक्याच्या साप्ताहिकातून पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा काढून टाकल्या तर हातात तारीख तेवढी उरते. मग 'जनवार्ता' नावाची योजना निघाली. अनुदान सरकारचं, डोकं विद्यापीठाचं आणि पाय महाडच्या एका कॉलेजचे. वाडीवाडीतून एकेक बाई निवडायची, तिला 'माहितीसखी' म्हणायचं, बातमी कशी लिहायची ते शिकवायचं, आणि तिने पाठवलेलं विद्यापीठाच्या संपादक मंडळाने तपासून छापायचं, मोबाईलवरही सोडायचं. विद्यापीठातून आमोद सर यायचे. मऊ आवाजाचे, कोणाला 'अगं-तुगं' न करणारे. "शेवटच्या घरापर्यंत माहिती" हे शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की चहा मागतानाही येतील असं वाटायचं. महाडचं सगळं काम चैत्रालीकडे. बाजारपेठेतल्या कापडवाल्यांची मुलगी, पुण्याला पत्रकारिता शिकलेली, मुंबईची नोकरी सोडून आपल्या गावासाठी काहीतरी करायचं म्हणून परत आलेली. ती मनाने चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो. या गोष्टीत मनाने वाईट असं कोणी नाहीच, आणि त्याचाच जास्त राग येतो.

रेश्माची पहिली बातमी खालच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्राची. बुधवारी कुलूप असतं आणि बाया डोंगर उतरून परत चढतात, एवढीच. ती छापून आली आणि पुढच्या बुधवारी कुलूप निघालं. खाली नाव होतं, 'रेश्मा उतेकर, माहितीसखी'. मुंबईत वाडीच्या लोकांचं ग्रामस्थ मंडळ आहे; त्यांनी ती बातमी ग्रुपवर फिरवली आणि कोणीतरी 'आपल्या वाडीची वाघीण' असं लिहिलं. चंद्रभागेला वाचता येत नाही, पण तिने तो कागद देवाच्या फळीवर हळदी-कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला आणि येईल त्याला दाखवला.

आता प्रयागबाईचं सांगायला हवं. सत्तरी ओलांडलेली, एकटी विधवा. मुलगा नाही. एक मुलगी महाडजवळच्या सव गावात दिलेली, ती वर्षातून एकदा आईला नेते, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर न्हाऊ घालते आणि परत आणून सोडते. प्रयागबाईचं खळं देवळाला लागून आहे. गावकीला तिथे सभामंडप हवा होता, मुंबईचं मंडळ खांब आणि पत्रे द्यायला तयार होतं. प्रयागबाई म्हणाली, "मी हाय तवर खळं माजं. मी गेल्यावर बांदा काय बांदायचं ते." गावकीचे अध्यक्ष गोमाजीतात्या हसले. "बरं, तुजी मर्जी," म्हणाले. कोणी शिवी दिली नाही, कोणी अंगावर गेलं नाही. पुढच्या खेपेला काठी तिच्या उंबऱ्यापाशी आली आणि न थांबता पुढच्या घरी गेली.

वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा झाल्यापासून उंबरमाचीत कोणालाही वाळीत टाकलेलं नाही. तो शब्दच कोणी तोंडातून काढत नाही. विचारलं तर म्हणतात, काठी पुढं गेली. ना ठराव, ना सही, ना दंड. फक्त सांगणं बंद. सभा कधी, मयत कोणाचं, पाण्याची पाळी कोणत्या दिवशी, पालखी कोणत्या वाटेने, हे जिला कोणी सांगत नाही ती बाई घरात चूल पेटवून बसलेली असली तरी वाडीच्या हिशेबी नसतेच. बायका ओढ्यावर धुणं आपटताना तिच्या कानावर जाईल अशा बेताने मोठ्याने बोलायच्या. रेश्माही तेच करायची. पण हे चोरून सांगणं. त्याला उंबरा नाही, "ऐकलं" नाही. प्रयागबाई तेव्हा मान खाली घालून धुणं पिळत राहायची आणि रेश्माला आपण तिच्या अंगावर शिळं अन्न फेकतोय असं वाटायचं.

तळीये गावावर डोंगर आला, दरडीखाली घरंच्या घरं गाडली गेली, तेव्हापासून इकडच्या उताराच्या वाड्यांना पावसाळा म्हटलं की धडकी भरते. जास्त पावसाचा इशारा आला की उंबरमाचीने सगळं सोडून खालच्या गावातल्या शाळेत जायचं असं ठरलेलं आहे. त्या जुलैमध्ये इशारा आला तेव्हा रेश्मा महाडला होती. योजनेची कार्यशाळा होती, आणि विषयही तोच, शेवटच्या घरापर्यंत माहिती. चैत्रालीने मोबाईल बघून इशारा वाचून दाखवला तशी रेश्मा तडक उठून बाहेर आली आणि गोमाजीतात्यांना फोन लावत राहिली. कधी नव्हे तो लागला. तात्या म्हणाले, "घोर करू नको गो. काठी निघाली पन. तुज्याच घरात होती, तुजी सासूच गेलीय घेऊन."

रेश्माचा जीव भांड्यात पडला. प्रयागबाईचं दार तिच्या ध्यानातच आलं नाही. म्हातारी त्या पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, दारोदार काठी आपटत फिरते आहे हे डोळ्यांपुढे येऊन तिला भरून आलं. वरचा रस्ता बंद झाला म्हणून चैत्रालीने तिला घरी नेलं. चैत्रालीच्या आईने गरम खिचडी वाढली, वर तूप घातलं, आणि तुमच्यासारख्या बायका आहेत म्हणून गावं टिकली आहेत, असं म्हणाली. रेश्माला ते गोड लागलं.

सकाळी पाऊस ओसरला आणि मिळेल त्या गाडीने ती शाळेत पोचली. वर्गावर्गांतून सतरंज्या पसरलेल्या, पोरं फळ्यावर रेघोट्या मारतायत, बायका चहाच्या पातेल्याभोवती. तिने सगळ्या वर्गांतून एक चक्कर मारली आणि सासूपाशी येऊन उभी राहिली.

"आत्या, प्रयागआजी कुठाय?"

चंद्रभागेने चहाची बशी तोंडाला लावली.

"आत्या, तुमी तिच्या दारावरनं गेलात?"

"काठी तितं थांबत नाय. मी कशी थांबवू?"

"अवो, डोंगर येनार होता!"

"आला का?" चंद्रभागा म्हणाली.

ही बाई दुष्ट नव्हती. प्रयागबाई तापाने पडली होती तेव्हा हिनेच पदराखाली झाकून पेज नेली होती. पण ती पेज होती, आणि ही काठी. पेज आपली, काठी गावकीची. चंद्रभागेच्या डोक्यात या दोन गोष्टींची कधी गल्लत झाली नाही.

रेश्मा तशीच वर निघाली. प्रयागबाई आपल्या उंबऱ्यात बसून ओले तांदूळ सुपात पसरत होती. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, "सकाळी उठले. म्हटलं, येवडी सामसूम कशी? कोनाच्या घरावर धूर नाय, कोनाचं पोर रडत नाय. मला वाटलं, डोंगर आला आन समदी गाडली गेली, मीच मेली तेवडी उरले. बोंबलत भाईर आले. बघते तर घरं उभी. दारांना कड्या. तवा समाजलं." मग सुपातला खडा काढून तिने अंगणात टाकला. "कुत्री पन नेली गो पोरांनी संगती."

रेश्मा त्या उंबऱ्यावर बसून हमसाहमशी रडली. प्रयागबाई रडली नाही.

डोंगर आला नव्हता. म्हणून ही बातमी नव्हती, असं पुढे रेश्माला नीट समजावून देण्यात आलं. पण त्या दिवशी तिला ते कुठलं ठाऊक असायला? तिने देवळाच्या जोत्यावर बसून बातमी लिहिली. शिकवलं होतं तशी, वाक्यं लहान ठेवून. उंबरमाचीला इशारा मिळाला, सगळी घरं शाळेत गेली, प्रयागबाई यांना सांगितलं नाही. का सांगितलं नाही तेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, काठी आमच्या घरात होती. सासूचं नाव घालायचं का? नाव नाही घातलं, पण ते वाक्य खोडलंही नाही. दुसऱ्याच्या घरचं उघडं करायचं आणि आपलं झाकायचं, हे तिला जमेना.

चैत्रालीने ती वाचली आणि तिचे डोळे खरोखर भरले. "रेश्माताई, यासाठीच तर सगळं उभं केलंय आपण," म्हणाली. तिने बातमी विद्यापीठाला पाठवली. विद्यापीठाचा नियम असा की दोन्ही बाजू घ्यायच्या. नियम चांगला. तेव्हा संपादक मंडळातल्या एका हुशार मुलीने रेश्माची बातमी होती तशी, नावासकट, गोमाजीतात्यांच्या मोबाईलवर पाठवली आणि खाली लिहिलं, 'कृपया आपली बाजू कळवावी'. तात्यांनी ती पुतण्याकडून वाचून घेतली. दिवस मावळायच्या आत ती मुंबईला मंडळाच्या ग्रुपवर पोचली होती. शेवटच्या घरापर्यंत माहिती जाते ती अशी.

मग त्या मुलीने तात्यांच्याच फोनवर चंद्रभागेशी बोलणं केलं. देवळाच्या जोत्यावर चंद्रभागा उभी, शेजारी तात्या उभे.

"आजी, त्या दिवशी काठी घेऊन तुम्हीच गेला होतात ना?"

"व्हय, मीच."

"सगळ्या घरांना सांगितलंत?"

"सगळ्यांना सांगितलं. येक घर सोडलं नाय."

चंद्रभागा खोटं बोलली नाही. उंबरमाचीत 'सगळी घरं' म्हणजे काठी थांबते ती घरं. त्यांतलं एकही तिने सोडलं नव्हतं. तिला विचारलं त्याचं तिने खरं उत्तर दिलं, विचारणारीने ते खरं लिहून घेतलं, आणि दोन खऱ्यांच्या मधल्या फटीत प्रयागबाई नाहीशी झाली.

आमोद सरांनी रेश्माला स्वतः फोन केला. "रेश्माताई, तुमची तळमळ पोचते. पण काठी तुमच्याच घरात होती ना? मग यात तुमचा हितसंबंध येतो. आपल्याच घरच्या गोष्टीवर पत्रकाराने लिहू नये."

"सर, घरात होती म्हनून तर मला कळलं."

"ते खरं. पण बहिष्कार हा शब्द फार गंभीर आहे. गुन्हा नोंद नाही, कागद नाही. गावकी नाही म्हणते. तुमच्या सासूबाईसुद्धा सगळ्यांना सांगितलं म्हणतात. पैसा सरकारी आहे, म्हणजे लोकांचा. आपल्याला जबाबदारीने वागावं लागतं."

"प्रयागआजी लोकांतली नाय का, सर?"

"तसं नाही म्हणायचं मला," सर म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं म्हणायचं नव्हतं.

बातमी छापून आली. 'उंबरमाचीची सतर्कता: पारंपरिक काठीने सर्व कुटुंबांना वेळेत इशारा'. सोबत रेश्मानेच आधी कधीतरी पाठवलेला, काठी धरलेल्या चंद्रभागेचा फोटो. आणि खाली, रेश्मा उतेकर, माहितीसखी.

तिला एकच वाक्य हवं होतं, प्रयागबाईला सांगितलं नाही. ते सोडून तिची बरीच वाक्यं त्यात होती. पावसाचं वर्णन तर जसंच्या तसं घेतलं होतं.

अंक घेऊन ती प्रयागबाईकडे गेली. जायचं नव्हतं, पण आपण लिहिलंय हे आपणच तिला सांगून बसलो होतो, आता तोंड कुठे लपवणार? प्रयागबाई म्हणाली, "वाच." रेश्माने वाचलं. एक अक्षर गाळलं नाही.

"सर्व म्हंजी?"

"सगळे."

प्रयागबाईने अंकाकडे बोट केलं. "खाली नाव तुजंच हाय?"

"हाय."

"बरं," असं म्हणून ती आत गेली आणि चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे करत बसली. तिने शिव्या दिल्या असत्या तर रेश्माला बरं वाटलं असतं.

रेश्माने महाड गाठलं आणि चैत्रालीपुढे अंक आपटला. "हे माजं नाय. माजं नाव काढा." चैत्राली खाली बघत म्हणाली, "छापून झालंय, ताई. मीही भांडले त्यांच्याशी. पुढच्या टप्प्यात हा विषय आपण सविस्तर घेऊ. आत्ता अहवाल द्यायचाय, नाहीतर अनुदान थांबेल आणि सगळ्याच सख्यांचं काम बंद पडेल." पुढचा टप्पा हा शब्द रेश्मा वाटेत एसटीत बसून घोळवत राहिली. आधी वाटलं, बाई थापा मारते. मग वाटलं, नाही, हिला खरंच वाटतंय की प्रयागबाई तोवर तशीच बसून राहील.

तिकडे मुंबईत मंडळाची बैठक झाली. अक्षयला मधे उभं करून त्याच्याच बायकोची मूळ बातमी त्याला मोठ्याने वाचायला लावली. त्याने तिथूनच फोन केला. "काय जरूरत होती गो तुला? मी इकडे या लोकांत राहतो, आन तू तिकडे आग लावते. तात्याला सॉरी बोल आणि मॅटर क्लोज कर."

"सॉरी कोनाला बोलू? प्रयागआजीला का तात्याला?"

त्याने फोन कट केला. नंतर बरेच दिवस त्याचा फोन आलाच तर आईसाठी यायचा.

काठी फिरत फिरत शेजारच्या घरी आली. आता पुढची पाळी उतेकरांची. चंद्रभागेने नेहमीसारखा दाराआडचा कोपरा शेणाने सारवला, काठी टेकायची तिथे हळदीचं बोट लावलं, आणि दारात उभी राहिली. शेजारची सून काठी घेऊन बाहेर पडली, उतेकरांच्या अंगणापाशी आली, पदर सावरला आणि खाली बघत पुढच्या घरी गेली. चंद्रभागा दाराची चौकट धरून किती तरी वेळ तशीच उभी होती. मग आत येऊन म्हणाली, "माजं काय चुकलं? मी तर थांबले नव्हते."

रेश्माला एवढंच कळलं की या घरात आता दोन बायका आहेत आणि दोघींना वाटतं की आपल्याला दुसरीमुळे शिक्षा झाली. त्यानंतर सासू तिच्याशी कामापुरतं बोलायची. देवाच्या फळीवरचा उपकेंद्राच्या बातमीचा कागद एक दिवस तिथे नव्हता. अक्षय गणपतीला आला नाही, शिमग्यालाही नाही. शिमग्याची पालखी आली, नारळ आणि ओटीचं ताट घेऊन म्हातारी अंगणात उभी राहिली, ढोल जवळ आले आणि लांब गेले. ताट तसंच आत आलं.

माहितीसखीचं काम रेश्माने सोडलं नाही, ते तिला सोडून गेलं. बातमी लिहायला आधी कोणीतरी काहीतरी सांगावं लागतं. ती ओढ्यावर आली की बायकांची बोलणी थांबत. जिच्या सांगण्याचं वाडी कौतुक करायची तिला वाडीत काय चाललंय ते कुत्र्यांच्या भुंकण्यावरून ओळखायची वेळ आली. महिना संपला की ती चैत्रालीला एवढंच कळवायची, 'उंबरमाची: बातमी नाही'. चैत्राली वर अंगठा पाठवायची.

उन्हाळा लागता लागता रेश्माची आई पाय मुरगळून पडली म्हणून ती दोन दिवस हिरकणीवाडीला राहून आली. सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरून डोंगर चढत असताना वरून टेम्पो आला. मागे वाडी खच्चून भरलेली. बायका नेसून-सवरून, डोक्यात अबोलीचे गजरे, पोरांच्या केसांना तेल. कोणी मेलंय का, कोणाला दवाखान्यात नेतायत का, काही कळेना. ती बाजूला होऊन ओरडली, "काय झालं गो? कुटं निघालात?" गाणी थांबली. कोणी उत्तर दिलं नाही. पुढच्या बाकावर ड्रायव्हरशेजारी चंद्रभागा बसली होती. अंगावर लग्नकार्यातलं हिरवं लुगडं, दोन गुडघ्यांत काठी. तिने सुनेकडे पाहिलं नाही. समोरच्या काचेकडे बघत राहिली. टेम्पो वळणावर गेला आणि गाणी परत सुरू झाली.

रेश्मा वाडीत पोचली. दारांना कड्या. आपल्या घरात टोपलीखाली झाकून ठेवलेली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, सुनेसाठी. आणि दाराआडचा कोपरा ताजा सारवलेला. तो बघितल्यावर तिला उमगलं. काठी घरात परत यावी म्हणून म्हातारी गेली होती. सुनेला सांगायचं नाही, या बोलीवर. रेश्माला तिचा राग आला, आणि राग येता येताच तिची इतकी कीव आली की तिने भाकरी परत टोपलीखाली झाकून ठेवली.

बाहेर येऊन तिने वाडीवर नजर फिरवली. एकाच छपरावर धूर होता.

प्रयागबाई खळ्यावर आली होती, आंबोशीसाठी कैरीच्या फोडी उन्हात पसरत होती. रेश्मा तिच्याकडे चालत गेली आणि देवळाजवळ येताच पिशवीतला मोबाईल वाजायला लागला. चैत्राली. मागे टाळ्यांचा आवाज.

"रेश्माताई, अहो कुठे आहात? योजनेचा समारोप आहे ना आज! मी तात्यांना निक्षून सांगितलं होतं, सगळ्यांना घेऊन या. तुमचं प्रमाणपत्र काढलंय, आता नाव पुकारतील."

"आत्या कुठायत?"

"स्टेजवर! अहवालाच्या मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो आहे, काठीसकट. आमोद सरांनी काठीला हार घातला. किती छान दिसतायत म्हणून सांगू!" मागून सरांचा मऊ आवाज माईकवर येत होता, शेवटच्या घरापर्यंत, शेवटच्या घरापर्यंत.

"मॅडम, वाडीतनं कोन कोन आलंय?"

"सगळे आलेत, ताई. तुम्हीच तेवढ्या राहिलात."

रेश्माने खळ्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, गेले कित्येक महिने तिने मनात जुळवून ठेवलेलं. "लिवा तसंच," एवढं म्हणून तिने फोन बंद केला.

मग ती प्रयागबाईच्या घरापाशी गेली. हातात काही नव्हतं म्हणून तिने मुठीनेच उंबरा ठोकला, चांगला मोठ्याने, खळ्यापर्यंत ऐकू जाईल असा.

"प्रयागआजी, सगळी वाडी महाडला गेली हाय. आपल्या काठीचा सत्कार हाय."

प्रयागबाईचा हात आंबोशीवर थांबला. खळ्यावरून उठून ती हळूहळू आपल्या दारापाशी आली, उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली आणि पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "ऐकलं."